इलोरन स्वामींचा निकाल

देव होण्याची विनंती आली तेव्हा सूर्यनारायणराव कढीपत्ता निवडत होते.

काम त्यांच्या आवडीचं होतं. कढीपत्ता उलटून बोलत नाही, आणि चांगलं पान कुठलं, किडकं कुठलं हे बघितल्याबरोबर कळतं. कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात पुस्तकं लावण्यात गेलेल्या माणसाची जगाकडून एवढीच अपेक्षा असते. एरवी निर्णय हा प्रकार त्यांनी कधी जवळ येऊ दिला नव्हता. लग्न आईनं ठरवलं, घर सासऱ्यांनी बघितलं, निवृत्तीची तारीख सरकारनं काढली. केळीवाल्यापुढं पूवन घ्यावी की रस्ताळी या विचारात ते इतके बुडत, की शेवटी केळीवालाच एक फणी त्यांच्या पिशवीत टाकी आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळे.

"ताता," नात वासुकी समोर येऊन बसली, "रविवारी तुम्ही देव व्हाल का?"

सूर्यनारायणरावांच्या हातातली काडी तशीच राहिली. "रविवारी? पण तब्येत बरी आहे की माझी."

"तसं नाही हो! आमच्या खेळातला देव. चांगला देव."

"चांगला म्हणजे?"

"पुस्तकात तसं लिहिलेलंच असतं. प्रत्येक देवाच्या नावापुढं. हा चांगला, हा वाईट, हा मधला."

सूर्यनारायणराव सरसावून बसले. म्हणजे देवांचं वर्गीकरण करून कुणीतरी फळीवर लावून ठेवलं होतं! जे काम करायची आपल्या पुराणिकांची छाती झाली नाही, ते! दान द्यायला बसलेल्या राजाला बटू होऊन पाताळात घालणारा देव कुठल्या खणात ठेवायचा, या प्रश्नानं त्यांची शाळेत असल्यापासून झोप उडवली होती. त्यांनी कढीपत्ता बाजूला सारला.

खेळ असा होता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं आणि "आता मी हे करतो" म्हणून सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवी. वीस आले तर डोंगर हलतो, एक आला तर आपलीच तलवार आपल्या पायावर पडते. गोष्ट सांगणारा शेजारचा नितीन. चेन्नईच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा हा मुलगा रिकाम्या वेळात एक अख्खं जग रचत होता, नद्या, राजे आणि करवसुलीसकट. त्या जगात वासुकी ही अग्निजा नावाची योद्धी होती. इलोरन नावाच्या करुणेच्या देवाला वाहिलेली. तिची सगळी शक्ती त्या देवाची, आणि त्याबदली तिच्या दोन शपथा: कधी खोटं बोलायचं नाही, आणि आसऱ्याला आलेल्याला कधी दारातून परत पाठवायचं नाही.

"मग?"

"मग मागच्या खेपेला एक म्हातारी आली. नातवंडं उपाशी म्हणून तिनं डोरमनच्या देवळाच्या कोठारातलं धान्य चोरलेलं. डोरमन म्हणजे कायद्याचा देव. त्याचे शिपाई माझ्या दारात. 'म्हातारी आत आहे का?' म्हणून विचारलं. मी म्हणाले, नाही."

"खोटं बोललीस?"

"बोलले. आता इलोरननं ठरवायचं. त्यानं मला टाकलं तर अग्निजाची शक्ती गेली. संपली ती. नितीन म्हणतो, मी ठरवलं तर तू महिनाभर भांडशील. म्हणून बाहेरचा माणूस हवा. भरपूर वाचलेला."

वासुकीचं बोलणं घरातल्यांनाही दोनदा विचारून घ्यावं लागे. आवाज पातळ, मान खाली. हे कुणाकडून आलं ते सूर्यनारायणरावांना पक्कं ठाऊक होतं; त्या बाबतीत ते स्वतःला कधी माफ करू शकले नव्हते. पण अग्निजाबद्दल सांगताना पोरीची मान वर होती.

"ताता, परवा तोंडी परीक्षेला सगळं येत असून तोंड उघडेना. मग मनात म्हटलं, इथं अग्निजा असती तर काय बोलली असती? तेच बोलले." तिनं कढीपत्त्याची एक काडी उचलून परत ठेवली. "ती गेली तर मला... पण तुम्ही नात म्हणून सोडून द्यायचं नाही हं. मला कळेल. तसं सुटलेली अग्निजा काही कामाची नाही. देव म्हणूनच निकाल द्या."

अशा रीतीनं, ज्याला केळी ठरवता येत नव्हती त्याच्याकडं न्याय आला. टाकावी तर पोरीचा आवाज जातो. सोडावी तरी जातो.

नितीननं नियमांचं जाडजूड पुस्तक आणून दिलं आणि सूर्यनारायणराव त्यात गडप झाले. इतक्या वर्षांत त्यांना असा हुरूप आला नव्हता. दुपारची कॉफी पितळी डबऱ्यात थंड होऊ लागली. पुस्तकातला एक चांगला देव अन्याय खपत नाही म्हणून गावंच्या गावं जाळत होता. त्याच्या नावापुढंही 'चांगला'! दुसरा इतका कनवाळू, की त्यानं लढाईतल्या दोन्ही बाजूंच्या जखमा रोजच्या रोज बऱ्या केल्या आणि त्यामुळं ती लढाई पिढ्यान् पिढ्या चालली. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे वाईट देवांपेक्षा चांगल्या देवांची आपसातली भांडणं जास्त. कारण उघड होतं. आपण वाईट आहोत हे वाईट देवाला माहीत असतं, त्यामुळं तो चार पावलं मागं यायला तयार असतो. चांगल्याला मागं यायला जागाच नाही. हा प्रकार सूर्यनारायणरावांनी ग्रंथालय समितीच्या बैठकांत पाहिला होता.

"अलमेलु," ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणाले, "चांगल्या देवाचे दोन नियम एकमेकांच्या आड आले तर चूक कुणाची?"

"आधी कढीपत्ता कुठाय ते सांगा," अलमेलुबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मोठी चूक केली. त्यांनी भरद्वाजांचा सल्ला घेतला.

भरद्वाज म्हणजे दोन घरं सोडून राहणारे निवृत्त उपतहसीलदार. ओरत्तनाडूच्या कचेरीत त्यांनी एवढी माणसं दाराबाहेर ताटकळत ठेवली होती, की अजूनही घराची बेल वाजली की ते सवयीनं थोडा वेळ जाऊ देत. सगळी हकीकत त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"राव, प्रकरण सरळ आहे. शपथ मोडली की मोडली. अपील कुणाकडं?"

"अपील... देवाच्या वर कोण असणार?"

"हीच तर तुमची अडचण! वरिष्ठ नाही म्हणून शिस्त नाही. आणि फिर्यादी कोण? त्या डोरमनची बाजू कोण मांडणार?"

"तो नितीनच सांगेल की."

"गोष्ट सांगणाराच फिर्यादी? छान चाललंय! हा डोरमन वाईट देव आहे का?"

"नाही, तोही चांगलाच. पुस्तकात तसं आहे."

भरद्वाजांचे डोळे उघडले. कायद्याचा देव, आणि चांगला. असा योग त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. "मग मी होतो," ते म्हणाले आणि आत जाऊन बायकोला इस्त्रीचा शर्ट काढायला सांगून आले.

भरद्वाज देव होणार म्हटल्यावर त्यांच्या पत्नी वत्सलाबाई बघायला येणार, वत्सलाबाई येणार म्हणजे त्यांची बहीण आणि जाऊही येणार. नितीनच्या माडीवर सहा माणसांत गुडघे एकमेकांना लागत. तेव्हा पश्चिम राजवीथीच्या मागचा आपल्या मराठी संघाचा हॉल घ्यायचं ठरलं. म्हणजे भरद्वाजांनी ठरवलं. सूर्यनारायणराव "विचार करून सांगतो" म्हणेपर्यंत ते दोघे संघाचे सेक्रेटरी रामस्वामी यांच्यापुढं बसलेले होते.

"कार्यक्रम कसला?" रामस्वामींनी विचारलं.

"खेळ आहे," सूर्यनारायणराव म्हणाले.

"खेळ मैदानात."

"बसून खेळायचा."

"पत्ते?"

"छे, छे! फासे."

रामस्वामींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राव सार, तुमच्यासारख्या माणसानं? फाशांपायी राज्यं गेलीत. हा हॉल तीनच गोष्टींना मिळतो. धार्मिक, सांस्कृतिक, लग्न. फासे तिन्हीत बसत नाहीत. लग्नात थोडे बसतात, पण ते नंतर कळतं."

"यात देव आहेत का?" भरद्वाज पुढं सरसावले. "आहेत. एक नाही, दोन. देव काय करणार? निकाल देणार. कशाबद्दल? शपथेबद्दल. आता सांगा, धार्मिक की लग्न?"

रामस्वामींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांनी 'धार्मिक' लिहिलं. "स्वामींचं नाव?"

"इलोरन," सूर्यनारायणराव पुटपुटले.

"इलोरन स्वामी... कुठले? ओरत्तनाडूकडचे?"

"त्या बाजूचे नाहीत," सूर्यनारायणराव म्हणाले. ते खरं होतं. पुढचं खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांचा आक्षेप नेहमी मजकूर जुळवून यायचा, आणि तो येईपर्यंत शिक्का बसलेला होता.

संध्याकाळी हॉलच्या फळ्यावर तमिळमध्ये खडूनं लिहिलं गेलं: 'रविवारी इलोरन स्वामींचा निकाल. सर्वांनी यावे.' तमिळ मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी लोकांत देवनागरी वाचणारे उरलेत किती? म्हणून तमिळ. त्यामुळं झालं असं, की ते सगळ्यांनी वाचलं. कुणीतरी फोटो काढून फोनवर फिरवला. दिवेलागणीला पापनाशमहून अलमेलुबाईंच्या मावसबहिणीचा फोन.

"काय गं अलमेलु, तुझ्या यजमानांच्या अंगात येतं म्हणे?"

"त्यांच्या? थंडीतापाखेरीज आजवर काही आलं नाही बाई."

"लपवू नकोस हं. आम्ही रविवारच्या बसनं येतो. आमच्या धाकट्याच्या नोकरीचं विचारायचंय."

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. वत्सलाबाईंनी सांगितलं, की देवानं एकदम हो म्हणायचं नसतं, आधी नाही म्हणायचं, मग माणसं रडली की हो. समोरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, की शनिवारी उपास करा आणि रविवारी जरीकाठी वेष्टी नेसा, साध्या वेष्टीतल्या देवाला मागच्या रांगेतले मानत नाहीत. मग जरा घुटमळून त्यांनीच हळूच विचारलं, की नारळाची बाग विकावी की ठेवावी?

"अहो, मी देव नाही हो," सूर्यनारायणराव कळवळून म्हणाले.

"खरे असतात ते असंच म्हणतात," हेडमास्तरांनी हात जोडले. "तरी पण?"

"विचार करून सांगतो."

या तीन शब्दांवर सूर्यनारायणरावांनी उभा जन्म काढला होता आणि त्यापायी सगळीकडं बोलणी खाल्ली होती. पण तेच शब्द देवाच्या तोंडी काय शोभले! हेडमास्तरांनी गल्लीभर सांगितलं, की स्वामी उथळ नाहीत, एकदम बोलत नाहीत. दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, माणसं येऊन बसू लागली. एका बाईनं पेरू आणले. सूर्यनारायणराव मागच्या दारानं ग्रंथालयात पळाले, तर तिथल्या पोरसवदा कारकुनानं उठून खुर्ची दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. ती आपली नव्हे, इलोरनची आहे, हे कळून त्यांना बसवेना.

आणि निकाल? निकाल काही केल्या सुचेना. वासुकी जेवताना समोर बसे आणि मुद्दाम दुसरं काहीतरी बोले.

रविवारी हॉलच्या दारात वत्सलाबाईंनी तांदळाच्या पिठाचं दोन हातभर कोलम काढलेलं होतं. आत वाटायला हरभऱ्याच्या सुंडलचं मोठं पातेलं. व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नाचा लाल मखमली सोफा तसाच राहिला होता. नवरा-नवरीच्या जागी आता दोन चांगले देव शेजारी शेजारी बसले. भरद्वाज पाय फाकून, हात सोफ्याच्या पाठीवर टाकून. सूर्यनारायणराव कडेला, उठून जायला सोपं जावं असे. गळ्यात संपंगीचा हार, त्यानं सारख्या शिंका. समोर खेळाचं टेबल, त्यावर बोटभर उंचीच्या रंगवलेल्या मूर्ती, आणि टेबलाला नितीन, वासुकी, तिची मैत्रीण अखिला आणि खेळातले बाकीचे. त्यापलीकडं माणसंच माणसं. पापनाशमची बस पोचली होती.

गर्दी बघून नितीनचा चेहरा उतरला. पण मुलगा प्रामाणिक. त्यानं माइकवर सांगून टाकलं, की हे प्रवचन नाही, कुणाच्या अंगात येणार नाही, हा एक गोष्टीचा खेळ आहे. लोक जरा चुळबुळले. मग त्यानं गोष्ट सुरू केली, म्हातारीची उपाशी नातवंडं आली, शिपायांच्या मशाली आल्या, आणि लोक खुर्च्यांवर मांडी घालून बसले. पिढ्यान् पिढ्या कीर्तनं ऐकलेली ही माणसं. देव कुठला का असेना, भक्त संकटात आहे ना, एवढं त्यांना पुरत होतं.

तेवढ्यात रामस्वामींना टेबलावरचा फासा दिसला. ते ताडताड पुढं आले. "बंद करा! म्हणजे फासे आहेतच!"

"शिपाई दार ठोठावतात," नितीन म्हणाला.

रामस्वामी उभे राहिले. "मग?" त्यांनी विचारलं. "म्हातारी सापडली? नाही, ते कळू दे, मग बंद करतो." आणि पहिल्या रांगेत बसून राहिले.

गोष्ट निकालापाशी आली. भरद्वाज उठले आणि त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. "मी डोरमन. कायद्याचा देव. धान्य माझ्या एकट्याचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं. आज एका म्हातारीला सोडलं, तर उद्या कोठार रिकामं, आणि परवा गावातली सगळीच नातवंडं उपाशी. मी कठोर आहे म्हणून ती जेवतात. वर ही अग्निजा माझ्या शिपायांशी खोटं बोलली. इलोरन देवा, तुझी शपथ म्हणजे शपथ आहे, की आमच्या गल्लीतली दुधाची वेळ?"

लोक हसले, पण माना डोलावूनच. मुद्दा बिनतोड होता. सूर्यनारायणरावांनाही तो पटला, हीच पंचाईत. त्यांना नेहमी दोन्ही बाजू पटत.

"बोला स्वामी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सोडून द्या पोरीला!"

"सोडायचं कसं? खोटं बोलली की!"

"तुझ्या दारात पोलीस येऊ देत, मग बघू तू किती खरं बोलतोस!"

माइक त्यांच्या तोंडासमोर आला. सूर्यनारायणराव शिंकले. ती शिंक हॉलभर घुमली. "मी..." ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

या वेळी ते शब्द कुणाला खोल वाटले नाहीत. वत्सलाबाई "अय्यो" म्हणाल्या. पापनाशमची मावसबहीण शेजारणीला म्हणाली, "हे तर आमच्या यजमानांसारखंच निघालं." भरद्वाजांनी घड्याळ बघितलं आणि सुनावणी पुढं ढकलावी असं सुचवलं. सूर्यनारायणराव हाराची फुलं खुडत राहिले. त्यांना वासुकीकडं बघवेना. बघितलं तेव्हा ती फाशाकडं टक लावून बसली होती.

"मी देवळात जाते," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. नितीननं विचारलं, "काय?"

"अग्निजा इलोरनच्या देवळात जाते. मूर्ती उचलते." आवाज थोडा वर आला. "आणि पाण्यात ठेवते. उत्तर मिळेपर्यंत बाहेर काढणार नाही."

बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट. नितीन पुस्तकाची पानं उलटू लागला. "असा नियम नाहीये... देवाला पाण्यात... हे कशात धरायचं?"

"आक्षेप!" भरद्वाज उभे. "ही देवाला अटक आहे! कुठल्या कलमाखाली?"

"आमच्यात याला कलम लागत नाही," अलमेलुबाई उठल्या. "पातेलं लागतं."

त्यांनी सुंडल दुसऱ्या भांड्यात काढलं, पातेलं विसळून पाणी भरलं आणि टेबलावर आणून ठेवलं. "आमच्या गावी पाऊस ओढ देतो तेव्हा नंदीला गळ्याइतक्या पाण्यात बसवतात," वत्सलाबाईंनी पाठिंबा दिला, "हे काय नवीन आहे?" वासुकीनं इलोरनची बोटभर मूर्ती उचलली आणि पाण्यात सोडली. मूर्ती तळाशी जाऊन आडवी झाली. वरून बघताना ती हलत होती, जणू गुदमरत होती. सूर्यनारायणरावांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला.

"देवा," वासुकी पातेल्याकडं नव्हे, सोफ्याकडं बघून म्हणाली, "मी माफी मागत नाही. दोन शपथा तू दिल्यास. दोन्ही चांगल्या. त्या रात्री माझ्या दारात त्या समोरासमोर आल्या, तेव्हा तू कुठं होतास? मी एकटीनं निवडलं. चुकलं असेल. आधी तू कुठं होतास ते सांग, मग शिक्षा दे."



पुस्तकातलं सगळं, पुराणातलं सगळं, वत्सलाबाईंचं आधी नाही मग हो, असं सगळं सूर्यनारायणरावांच्या डोक्यातून निघून गेलं. त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं आणि त्यासाठी विचार करायची गरज नव्हती.

"घरीच होतो," ते म्हणाले. "आत बसलो होतो. दार वाजलेलं ऐकलं. कुणीतरी उघडेल म्हणून बसून राहिलो."

ते उठून उभे राहिले आणि शिंकायला लावणारा तो हार काढून त्यांनी सोफ्यावर ठेवला. आता बोलणं थांबेना.

"शपथा मी दिल्या. देताना बरं वाटलं. दोन्ही एकाच दारात आल्या तर काय, हा विचार मी केला नाही, कारण मी चांगला देव. चांगल्याला वाटतं, आपण चांगले नियम केले की झालं. तू खोटं बोललीस. त्याला मी खरं म्हणणार नाही, तसं म्हटलं तर हे डोरमन बरोबर ठरतील. पण मी जिथं उभं राहायला हवं होतं, तिथं ते खोटं उभं राहिलं. म्हणून तुला टाकायचा मला हक्क नाही. सोडून द्यायचाही नाही. म्हातारीला घे आणि डोरमनच्या दारात जा. खोटं बोलले म्हणून सांग. म्हातारीची बाजू तिथं मांड, तोंडावर. आणि मी बरोबर येतो. दार मी ठोठावणार, पहिला शब्द मी बोलणार."

"भले!" हेडमास्तर ओरडले. रामस्वामींनी रुमालानं डोळे पुसले आणि कुणी बघितलं नाही ना हे पाहिलं.

"आजोबा," नितीन अवघडून म्हणाला, "देव बोलणार असेल तर ठीक. पण डोरमनला ऐकायला लावायचं तर फासा टाकावा लागेल. आणि देव फासा टाकत नाहीत."

"पातेल्यात बसलेला टाकतो," सूर्यनारायणराव म्हणाले. स्वतःच्या आवाजानं ते चकित झाले. "आण इकडं."

वीस बाजूंचा तो खडा त्यांच्या तळव्यात हलका, गुळगुळीत लागला. अख्खा हॉल उभा होता. पापनाशमची मंडळी खुर्च्यांवर चढली होती. आयुष्यात पहिल्यांदाच हाताला थांबायला वेळ न देता सूर्यनारायणरावांनी फासा फेकला. तो टेबलावर आपटला, उसळला, आणि डुबुक करून पातेल्यात पडला.

सगळी डोकी पातेल्यावर वाकली. पाणी निवळेना. अखिलानं मोबाइलचा दिवा धरला. मूर्तीच्या शेजारी, तळाला, आकडा स्वच्छ दिसत होता.

"एक," वासुकी म्हणाली.

हॉलभर एक लांब सुस्कारा गेला. "अय्यय्यो," वत्सलाबाई खाली बसल्या.

नितीननं घसा साफ केला. "इलोरन डोरमनच्या दारासमोर उभा राहतो. दार ठोठावतो. तोंड उघडतो..." त्यानं म्हाताऱ्याकडं केविलवाणं बघितलं. "शब्द फुटत नाही."

वर्णन अचूक होतं. सूर्यनारायणराव तोंड उघडं ठेवून उभे होते आणि खरोखरच एक अक्षर बाहेर येत नव्हतं. सगळं सांगून झालं होतं, उठून उभं राहून झालं होतं, आणि नेमक्या दारात हे. त्यांनी वासुकीकडं बघितलं.

ती बाह्या सावरत होती. तिनं पाण्यात हात घातला, मूर्ती बाहेर काढली, ओढणीच्या टोकानं नीट पुसली आणि टेबलावर अग्निजाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून ठेवली. अखिलानं माइक पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"डोरमन!"

सुंडलच्या भांड्यापाशी मागं उभ्या असलेल्या माणसांनीही दचकून वर बघितलं. बाहेर रस्त्यावर एक मोपेड थांबली.

"डोरमन, दार उघड! खोटं बोलली ती अग्निजा मी. ही म्हातारी माझ्या मागं उभी आहे, आणि माझा देव माझ्या शेजारी. त्याला बोलता येत नाही. पण तो आलाय. आता काय विचारायचं ते आम्हा तिघांना विचार!"

भरद्वाज सोफ्यावर बसूनच होते. हॉलमधली यच्चयावत माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी सवयीनं थोडा वेळ जाऊ दिला. मग तो वेळ त्यांना स्वतःलाच जड झाला असावा. ते उठले, व्यासपीठाच्या कडेशी आले, आणि हवेतला एक कडीकोयंडा त्यांनी दोन्ही हातांनी सरकवला.

"आत या," ते म्हणाले. "आधी म्हातारीला बसायला द्या."

आणि रामस्वामींनी उठून आपली खुर्ची पुढं सरकवली.